भरलेले गाल

मेलेल्या माणसाला तब्येत द्यायचं काम माझ्याइतकं कोल्हापुरात कुणी केलं नसेल. गंगावेशीजवळ आमचं फोटो छापायचं आणि फ्रेम करायचं दुकान. सासऱ्यांनी काढलं, नवऱ्यानं चालवलं, आणि गेली कित्येक वर्षं खुर्चीवर मी बसते. माणूस गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरचं कोणतरी आधारकार्डावरचा नाहीतर लग्नाच्या गर्दीतला एक बारका फोटो घेऊन येतं. "वैनी, जरा तब्येत भरा. शेवटी लई वाळलेलं." मी गाल भरते, डोळ्याखालचं काळं काढते, दाढीचे खुंट पुसते, कुणी मागितलाच तर अंगात कोट घालते. पूर्वी ब्रशनं करायची, आता माऊसनं करते. लोक फोटो बघतात, रडतात आणि म्हणतात, अगदी अस्संच होतं बघा. अस्सं नव्हतं हे मला माहीत असतं. पण मी कशाला बोलू?

हे आधी सांगितलं, कारण मास्तरांचं आणि माझं भांडण यावरूनच होतं, पहिल्या दिवसापासून.

नाव सांगणार नाही. ते शाळेत चित्रकला शिकवायचे म्हणून मी मास्तर म्हणायची, एवढं पुरे. पहिल्यांदा आले तेव्हा पायात धुळीनं पांढरी झालेली चप्पल, खांद्याला भाजीची पिशवी आणि पिशवीतून मेथीची जुडी बाहेर डोकावतेय. मी म्हणलं, "काय पावणं, काय छापायचं?" त्यांनी पेनड्राइव्ह पुढं केला. दहा फोटो होते, सगळे कामगारांचे. तोंडं काळी, भुवयांवर पांढरी भुकटी, नाकाखाली ओघळ. मला वाटलं, गरीब बिचारी माणसं, फोटो काढायच्या आधी तोंड धुवायलासुद्धा कुणी सांगितलं नाही. म्हणून मी आपण होऊन सगळी तोंडं स्वच्छ केली. वर त्याचं काही लावलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर प्रिंट घेऊन स्टुलावर बसले आणि एकेक प्रिंट उजेडाला धरून बघत राहिले.

"अक्का, ह्यो कोण?"

"तुमचाच फोटो न्हवं का?"

"ह्याच्या तोंडावरची वाळू कुठं गेली?"

"काढली की. घाण दिसत हुती."

"ती घाण न्हाय, अक्का. त्या वाळूनंच मरतोय त्यो."

आवाज चढवला असता तर मीही चढवला असता. पण ते अगदी हळू बोलले. फाउंड्रीत ओतकाम झालं की लोखंडाला वाळू चिकटून राहते. ती ग्राइंडरनं घासून काढायची, त्या खात्याला फेटलिंग म्हणतात. तिथली धूळ इतकी बारीक की दिसत नाही, आणि एकदा छातीत गेली की बाहेर येत नाही. डॉक्टर टीबी लिहून देतात. माणूस वर्षानुवर्षं टीबीच्या गोळ्या खातो आणि मरतो. कंपनी म्हणते, टीबी काय, घरातनं लागला असंल. मी एमआयडीसीवरून हजार वेळा गेलेली. माझ्या सख्ख्या नणंदेचा नवरा तिकडंच कामाला. पण हे मला पहिल्यांदा कळलं, आणि मी ज्या माणसाची भुवई पुसली तो महिन्याभरात गेला, हेही मास्तरांनीच नंतर सांगितलं.

तेव्हापासून त्यांचं एक वाक्य माझ्या दुकानात कायमचं बसलं. फोटोत बोट घालायचं न्हाय. काळं गोरं करायचं नाही, कड कापायची नाही, भिंतीवरचं कॅलेंडर खोडायचं नाही. मला राग यायचा. डोळे फोडून शिकलेली कला माझी, आणि हा माणूस तिला बोट घालणं म्हणतो. मी एकदा सरळ विचारलं, "मग माझ्याकडं कशाला येता? मशीन असलेली दुकानं रग्गड हायत." तर म्हणाले, "तुमच्यासारखा काळा रंग कुणाच्या मशीनला येत न्हाय." मी चहा सांगितला.

शाळा का सोडली ते त्यांनी एकदाच सांगितलं. वर्गातल्या एकाचा बाप वारला, टीबीनं. पुढच्या वर्षी दुसऱ्याचा. मग तिसऱ्याचा. तिन्ही बाप एकाच फाउंड्रीत, एकाच खात्यात. मास्तरांनी हजेरीपटावर तीन नावांपुढं टिंबं केली, आठवडाभर ती टिंबं बघत बसले आणि राजीनामा दिला. बायको कुरुंदवाडला शेत बघायची. तिनं म्हणे एवढंच विचारलं, "फोटो काढून माणसं वाचत्यात व्हय?" मास्तर म्हणाले, "न्हाय. पण मेलेलं दिसत्यात तरी."

घरचे जैन, त्यामुळं दिवस बुडाला की पाण्याशिवाय तोंडात काही घालत नसत. आणि फोटोला चांगला उजेड येतो तो नेमका दिवस बुडायच्या आधी तासभर. त्यामुळं आठवड्यातले चार दिवस हा माणूस उपाशी. मी ओरडायची, "एकतर जेवा, न्हायतर फोटो काढा." ते हसायचे आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचे.

कामाची रीतही विचित्रच. कॅमेरा मेथीच्या जुडीखाली. कुणाच्याही घरी पहिल्या दोन खेपांना तो बाहेर काढायचाच नाही. चहा प्यायचा, पोरांची पुस्तकं बघायची, खोकणाऱ्या माणसाशेजारी नुसतं बसायचं. तिसऱ्या खेपेला विचारायचं. नको म्हणाले तर चौथ्यांदाही जायचं, चहाला. फोटो काढला की पहिली प्रिंट त्या माणसाला. तिच्यामागं नाव, खातं, किती वर्षं काम केलं ते लिहायचं आणि वाचून दाखवायचं. त्यानं मान हलवली की मगच फोटो पुढं जायचा. कागलला एक जण म्हणाला, मला लग्नातला फेटा बांधून काढा. मास्तरांनी स्वतः फेटा बांधून दिला. हाडाच्या सापळ्यावर गुलाबी फेटा. मुंबईच्या गॅलरीवाल्यांनी तो फोटो नको म्हणून कळवलं, नाटकी वाटतो म्हणे. मास्तरांनी उलट कळवलं, मग बाकीचेही परत पाठवा. मी म्हणलं, "एका फेट्यापायी?" तर म्हणाले, "फोटो काढायच्या आधी माणूस सांगंल ते. काढल्यावर न्हाय."

गॅलरीवाले नमले. मास्तरांचं नाव झालं. मुंबई, दिल्ली, परदेशातल्या कुठल्याशा मासिकात चार पानं. पण प्रदर्शनाहून आले की चिडलेले असायचे. "लोकं फोटोम्होरं उभारत्यात आणि काय उजेड हाय म्हणत्यात. उजेड बघायला आणलं व्हय मी?" मग तेच फोटो ते एमआयडीसीच्या फाटकासमोर चहाच्या गाड्यावर तारेला चिमट्यांनी लावायचे. कुणीतरी काढून टाकायचं, ते परत लावायचे. परत छापायला अर्थात माझ्याकडं. शेवटी कामगारांच्या एका वकिलाला त्यांनी चाळीस फोटो नेऊन दिले. चाळीस माणसं, त्यातली निम्मी गेलेली. म्हणाले, "आता ह्ये कोर्टात लावा. तिथं तरी कोण उजेड बघणार न्हाय."

त्या चाळीसांतला सगळ्यात नाव झालेला फोटो शोभाच्या नवऱ्याचा. शोभा कागलकडची, नवरा सोळा वर्षं फेटलिंगला. फोटोत तो खाटेवर बसलाय, पाठीशी वाकळांचा ढीग, कारण आडवं झालं की दम लागायचा. फोटोसाठी म्हणून पांढरा शर्ट घातलेला, वरचं बटणसुद्धा लावलेलं, आणि त्या कॉलरीत मान अशी की भोवती चार बोटं फिरावीत. गाल आत. तोंड जरासं उघडं. डोळे मात्र सरळ आपल्याकडं. छापताना मी तो पालथा करून ठेवायची.

तो गेला आणि चौथ्या दिवशी शोभा माझ्या दुकानात आली. मास्तरांनी दिलेली प्रिंट तिनं टॉवेलात गुंडाळून आणलेली.

"वैनी, दुसरा फोटोच न्हाय त्येंचा. ह्योच लावायचा भिंतीला. पण पोरगी भितीया ह्येला बघून."

"मग काय करू?"

"गाल भरा. लग्नात हुतं तसं. मला माझा नवरा पायजे, त्येंचा आजार नको."

मी काय नाही म्हणणार होते? हे तर माझं रोजचंच काम. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मास्तरांचं वेगळं फोल्डर होतं, त्यातला फोटो उघडला आणि दोन दिवस बसले. गाल भरले, ओठ मिटवले, कॉलरीतली मान भरली. इतका जीव ओतून मी फार दिवसांत काम केलं नव्हतं. शोभानं फोटो बघितला आणि काउंटरवरच डोकं टेकलं. "आलं की ओ परत," म्हणाली. तो फोटो नेऊन तिनं भिंतीला लावला, हार घातला. मी पैसे घेतले नाहीत.

आणि सेव्ह करताना तोच फोटो, त्याच नावानं, त्याच फोल्डरमध्ये सेव्ह केला. आमच्या दुकानाची ती शिस्तच आहे. जुना चेहरा ठेवायचा नाही. ठेवला की कधीतरी चुकून तोच छापला जातो आणि गिऱ्हाईक बोंबलत येतं. गिऱ्हाईकाला आधीचा चेहरा कधीच नको असतो. सासऱ्यांच्या वेळेपासून काचेच्या निगेटिव्हसुद्धा आम्ही अशाच पुसत आलोय. फोल्डर मास्तरांचं आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माऊस फिरला, बोट दाबलं, झालं.

पाच-सहा महिन्यांनी शोभाचं कंपनीवरचं भरपाईचं प्रकरण कोर्टात उभं राहायची वेळ आली. मास्तर तेव्हा मुंबईला, त्यांच्या सगळ्यात मोठ्या प्रदर्शनाच्या तयारीला. वकिलांना चाळीस फोटोंचा नवा संच लगेच पाहिजे होता. मास्तरांचा फोन आला, "अक्का, फोल्डरमधलं चाळीस काढा आणि वकिलांकडं पोच करा. मी सुनावणीला येतोच." लग्नसराई होती. एकीकडं अल्बम, दुसरीकडं हे. मशीनमधून प्रिंटा पडत गेल्या, मी चाळीस मोजल्या आणि पाकीट चिकटवलं. एकदा उलटून बघायला काय झालं होतं मला?

सुनावणीला मास्तरांनी मलाही बोलावलं. "तुमच्या प्रिंटा कुठं जात्यात बघा एकदा." मी दुकान बंद ठेवून गेले. नवी साडी नेसले होते, हेही सांगते, कारण मला त्या दिवशी फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटत होतं. शोभा आणि तिची मुलगी बाहेर व्हरांड्यात बाकड्यावर बसलेल्या, साक्षीला एकेकालाच आत बोलवत होते. मास्तर पिंजऱ्यात उभे होते, शपथ झालेली. फोटो मीच काढले, ते जसे काढले तसेच आहेत, असं त्यांनी सांगितलं.

कंपनीचा वकील उठला. त्यानं गठ्ठ्यातून एक फोटो काढला आणि न्यायाधीश साहेबांसमोर धरला.

"सोळा वर्षं वाळू खाऊन मेलेला माणूस म्हणतात, साहेब. बघून घ्या. तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे."

दोन-चार माणसं हसली. मी सगळ्यात मागच्या बाकावर होते. तिथूनसुद्धा मला ते गाल ओळखू आले. आपल्या हाताचं काम लांबून कळतं.

आमचे वकील गडबडले. त्यांनी घाईघाईनं प्रदर्शनाचं पुस्तक काढलं आणि खरा फोटो दाखवला. तिथंच घात झाला. कंपनीच्या वकिलानं दोन्ही फोटो शेजारी धरले. "म्हणजे एकाच माणसाचे दोन चेहरे. यातला खरा कुठला? आणि बाकीच्या एकोणचाळीस जणांचे खरे चेहरे कुठले?"

साहेबांनी चष्मा काढला आणि मास्तरांना विचारलं, "फोटो तुमचे आहेत. बदल कुणी केला?"

मी उठले. खरंच उठले, अर्धी. तोंड उघडलं होतं. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं आणि हाताचा पंजा जरासा खाली केला. फोटो काढताना मागचं कुणी हललं की ते असाच हात करायचे. मी बसले.

"मी केला," मास्तर म्हणाले.

"कशासाठी?"

"फोटो जरा बरा दिसंल म्हणून."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ज्या माणसानं भुवईवरची वाळू पुसली म्हणून माझ्या स्टुलावर सुतक पाळलं, तो शपथेवर हे बोलत होता. कंपनीच्या वकिलालासुद्धा इतक्या सोप्या उत्तराची अपेक्षा नसावी. साहेबांनी चाळीसही फोटो बाजूला ठेवायला सांगितले. प्रकरण एक्स-रे आणि हजेरीच्या कागदांवर चालेल म्हणाले. मास्तर पिंजऱ्यातून उतरले आणि पिशवी घेऊन बाहेर गेले.

मी जिन्यात त्यांना गाठलं. रडत होते आणि भांडतही होते. "खोटं कशाला बोलला? मी सांगते की. माझी चूक, मी निस्तरते. शोभानं गाल भरायला सांगितलं, मी भरलं, चुकून पाकिटात गेलं. त्यात काय लपवायचं?"

मास्तर पायरीवर बसले. "मग त्येंनी शोभाला आत बोलवलं असतं, अक्का. दोन्ही फोटो तिच्याम्होरं धरलं असतं. आणि इचारलं असतं, बाई, ह्यातला तुझा नवरा कुठला?"

मी पदरानं डोळे पुसले.

"कुठल्यावर बोट ठेवलं असतं तिनं?"

मला शोभा काउंटरवर डोकं टेकलेली दिसली. मला उत्तर माहीत होतं. तिनं भरल्या गालावर बोट ठेवलं असतं, आणि वर सांगितलं असतं, अस्संच होतं. ते कागदावर उतरलं असतं आणि तिचा नवरा धडधाकट होता हे तिच्याच तोंडून सिद्ध झालं असतं.

"तिला कळू द्यायचं न्हाय," मास्तर म्हणाले. "तिनं मागितलं त्ये बरोबरच मागितलं. कंपनी वर अपील करंल. त्ये मिटंस्तोवर तुम्ही कुणाला काय बोलायचं न्हाय. मला शब्द द्या."

मी शब्द दिला. माझ्या जिवाला तेव्हा किती हलकं वाटलं, ते आता लिहितानाही लाज वाटते.

पुढचं सगळं महिन्याभरात झालं. स्थानिक पेपरात बातमी आली, फोटोग्राफरची कबुली म्हणून. मुंबईच्या प्रदर्शनवाल्यांनी लावलेले फोटो उतरवले. परदेशातल्या मासिकानं जुन्या चार पानांबद्दल वाचकांची माफी मागितली. आमच्या धंद्यातली माणसं, जी साखरपुड्याला आभाळ निळं करून देतात, माझ्या दुकानात चहा पिता पिता म्हणायची, "मोठा आलता बोट न्हाय घालणारा." मी चहाचे कप उचलायची. मास्तरांनी एकालाही उत्तर दिलं नाही. खरा फोटो त्यांच्या घरी शाबूत होता, तारखेसकट. दाखवला असता तर पुढचा प्रश्न आला असता, की मग बदललेला कुठून आला.

त्याहून वाईट पुढं झालं. मास्तर एका घरी तिसऱ्या खेपेला गेले, तर माणसानं खाटेवरूनच सांगितलं, "मास्तर, च्या घ्या, पण फोटू नको. तुमच्या फोटूनं केस पडती म्हणत्यात." त्यांनी चहा घेतला. मला हे त्या माणसाच्या बायकोनं सांगितलं. मास्तरांनी नाही. छापायलाच काही उरलं नव्हतं, तर ते माझ्याकडं येणार कशाला. कुरुंदवाडला शेतावर असतात असं कळलं. मी दोनदा बसमध्ये बसायला म्हणून स्टँडवर गेले आणि परत आले.

एक्स-रे टिकले. शोभाच्या बाजूनं निकाल लागला, कंपनी अपिलात गेली, काही वर्षांनी तिथंही हरली. सगळं मिटलं. परवा शोभा दुकानात आली, पेढ्यांचा पुडा घेऊन. अंगावर बरी साडी, मुलगी कॉलेजला जायला लागलेली. तिनं आधी पेढा माझ्या तोंडात घातला आणि मग स्टुलावर बसली.

"तुमचं उपकार हायत, वैनी. त्यो फोटू हाय म्हणून घरात मन लागतं."

मी मान हलवली. आता सांगायचं, असं मी ठरवलं होतं. अपील मिटलं होतं, शब्दाची मुदत संपली होती. आता कुणाचंच काही बिघडणार नव्हतं.

"त्या फोटूवाल्या मास्तराला काय शिक्षा झाली का न्हाय ओ?" शोभानं विचारलं. "वकील सांगत हुतं, त्येनं ह्येंचा फोटू बदलला आणि त्याच्यापायी केस जाता जाता राह्यली. तीनदा घरात येऊन च्या पिऊन गेला. ह्येंच्या शेजारी बसायचा. ह्ये म्हणायचं, मास्तर म्हंजे देवमाणूस. आणि त्येनं असं करावं? तसला माणूस हुता व्हय त्यो, वैनी?"

ती माझ्याकडं बघत होती. मला फक्त न्हाय म्हणायचं होतं. न्हाय म्हणलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग कुणी बदलला?

"तसलाच," मी म्हणाले, आणि पेढा गिळला.